एचओ मापाचा एलएचबी डबा वक्रावर वारंवार घसरतो: खऱ्या डब्याच्या मापांवरून दोषाचा शोध

समस्या अशी आहे. एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या मांडणीवर आयसीएफ (पेरांबूरच्या कारखान्याच्या जुन्या) बनावटीच्या डब्यांची गाडी महिनोन्महिने विनातक्रार धावते. परंतु त्याच रुळांवर, त्याच इंजिनामागे आणि त्याच वेगाने एलएचबी (नव्या, जर्मन आराखड्याच्या) डब्यांची गाडी सोडली की दुसरा किंवा तिसरा डबा वक्राच्या तोंडाशी घसरतो. उचलून पुन्हा रुळांवर ठेवला की चार फेऱ्या नीट होतात आणि पाचव्या फेरीला तोच डबा, बहुधा त्याच जागी, पुन्हा खाली उतरतो. गाडी मागे ढकलताना किंवा घाटात मागून बँकर इंजिन लावल्यावर हे प्रमाण आणखी वाढते.

माझ्या घरच्या मांडणीवर हा प्रकार जवळजवळ दीड वर्ष चालला. डेक्कन क्वीनची जुनी निळी-पांढरी, मधोमध लाल पट्टा असलेली आयसीएफ रेक (डब्यांचा संपूर्ण संच) मी पूर्वीच तयार केली होती. जून 2022 मध्ये खऱ्या डेक्कन क्वीनला एलएचबी डबे मिळाले, तेव्हा नव्या रूपातील गाडीही आपल्याकडे असावी असे वाटून मी तेवढेच एलएचबी डबे जमवले आणि तेव्हापासून हा त्रास सुरू झाला. त्या दीड वर्षात मी सगळी चाके बदलली, वक्रावरचे रूळ उखडून पुन्हा अंथरले आणि डब्यांत वजनही भरले. या तिन्ही उपायांनी थोडाथोडा फरक पडला. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहिला, कारण तो चाकांतही नव्हता आणि रुळांतही नव्हता. तो डब्याच्या लांबीत आणि कपलरच्या, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्याच्या, दांड्यात होता, आणि ते खऱ्या डब्यांची मापे कागदावर मांडल्यावरच कळले.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आपण बोलताना संपूर्ण डब्यालाच बोगी म्हणतो. या लेखात बोगी म्हणजे डब्याच्या खाली दोन्ही टोकांकडे असलेला, दोन आसांचा आणि चार चाकांचा फिरता सांगाडा, एवढाच अर्थ घ्यावा.

दोन डबे, जवळजवळ सारख्या बोगी-अंतरावर

पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत 1955 पासून स्विस तंत्रज्ञानावर बांधल्या गेलेल्या डब्याच्या कायेची लांबी 21,337 मि.मी. आणि दोन बोगींच्या केंद्रांमधील अंतर 14,783 मि.मी. आहे. जर्मनीच्या लिंके-हॉफमान-बुश कंपनीच्या आराखड्यावरून आलेल्या आणि पुढे कपूरथळ्याच्या रेल कोच फॅक्टरीत बांधल्या जाऊ लागलेल्या एलएचबी डब्याच्या कायेची लांबी 23,540 मि.मी. आणि बोगी-केंद्रांमधील अंतर 14,900 मि.मी. आहे. म्हणजे काया सव्वादोन मीटरांनी वाढली, पण बोगी एकमेकींपासून जेमतेम 117 मि.मी. दूर सरकल्या. वाढलेली जवळपास सगळी लांबी बोगींच्या बाहेर, दोन्ही टोकांना गेली. आयसीएफ डब्यात बोगी-केंद्रापुढे निघालेला भाग 3,277 मि.मी. आहे, तर एलएचबी डब्यात तोच भाग 4,320 मि.मी. भरतो.

ही मापे 87 ने भागली की आपल्या टेबलावरचे डबे मिळतात. आयसीएफ प्रतिकृतीची काया 245.3 मि.मी., बोगी-अंतर 169.9 मि.मी. आणि पुढे निघालेला भाग 37.7 मि.मी. होतो. एलएचबी प्रतिकृतीची काया 270.6 मि.मी., बोगी-अंतर 171.3 मि.मी. आणि पुढे निघालेला भाग 49.7 मि.मी. होतो. दोन्ही डबे शेजारी ठेवून पाहिले, तर बारा मि.मी.चा हा फरक डोळ्यांना विशेष जाणवत नाही. वक्रावर मात्र तोच सगळे ठरवतो.

बोगी रुळांच्या मध्यरेषेला बांधलेल्या असतात, पण काया सरळ असते. त्यामुळे वक्रावर कायेचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि दोन्ही टोके बाहेर पडतात. टोक किती बाहेर पडेल, हे काढण्याची साधी रीत अशी: कायेच्या निम्म्या लांबीच्या वर्गातून बोगी-अंतराच्या निम्म्याचा वर्ग वजा करावा आणि उरलेल्या संख्येला वक्राच्या त्रिज्येच्या दुपटीने भागावे. घरगुती मांडण्यांवर सर्रास दिसणाऱ्या 457 मि.मी. (18 इंच) त्रिज्येच्या वक्रावर हे गणित केले, तर आयसीएफ प्रतिकृतीचे टोक सुमारे साडेआठ मि.मी. आणि एलएचबी प्रतिकृतीचे टोक सुमारे बारा मि.मी. बाहेर पडते. तोच एलएचबी डबा 600 मि.मी. त्रिज्येच्या वक्रावर नऊ मि.मी. आणि 760 मि.मी.च्या वक्रावर सव्वासात मि.मी. बाहेर जातो.

आता खऱ्या डब्याशी तुलना करावी. भारतीय ब्रॉडगेजवर मुख्य मार्गावरचा सर्वांत तीव्र परवानगीचा वक्र 10 अंशांचा, म्हणजे 175 मीटर त्रिज्येचा असतो. त्या वक्रावर एलएचबी डब्याचे टोक सुमारे 237 मि.मी. बाहेर पडते, आपल्या मापात ते केवळ पावणेतीन मि.मी. होतात. उलट आपला 457 मि.मी.चा वक्र खऱ्या जगात नेला, तर तो 40 मीटर त्रिज्येचा होईल, आणि तिथे कोणीही मेल-एक्स्प्रेसचा डबा नेणार नाही. खऱ्या रेल्वेचा सर्वांत तीव्र वक्रसुद्धा आपल्या मापात दोन मीटर त्रिज्येचा होतो. मूळ डब्यात कधीच न उद्भवणारी ओढाताण प्रतिकृतीला प्रत्येक फेरीत सोसावी लागते, आणि हे एकदा ध्यानात आले की डबा घसरण्याचे नवल वाटेनासे होते.

दोष कुठे आहे, हे आधी ठरवावे

उपाय करण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात आणि त्यांची नोंद ठेवावी. नोंद खरोखरच लिहून ठेवावी, कारण पाच-सहा फेऱ्यांनंतर कोणता डबा कोणत्या तोंडाने होता, हे आठवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे घसरणारा डबा गाडीतून काढून, एकटाच बोटाने हलके ढकलत त्या जागेवरून दोन्ही दिशांनी न्यावा. एकटा डबा तिथे अडखळला किंवा उतरला, तर दोष चाकांत, बोगीत किंवा रुळांत आहे. एकटा डबा पाण्यासारखा सरळ निघून गेला आणि जोडल्यावरच घसरू लागला, तर दोष जोडणीत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तोच डबा फिरवून, पुढचे तोंड मागे करून जोडावा. घसरण्याची जागा तीच राहिली, पण आता दुसरी बोगी उतरू लागली, तर रूळ तपासावेत. जागा बदलली आणि पूर्वीचीच बोगी उतरू लागली, तर ती बोगी तपासावी. तिसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगी पडली. मोबाइल रुळांच्या पातळीवर, वक्राच्या बाहेरच्या बाजूने ठेवून संथ गतीत चित्रण करावे.

माझ्या चित्रणात जे दिसले, ते असे होते. लूप लाइनच्या (मुख्य मार्गाशेजारच्या रुळाच्या) पॉइंटवरून, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जोडावरून, गाडी आत वळत होती. पुढच्या डब्याचे शेपूट डावीकडे बाहेर पडले होते आणि मागच्या डब्याचे तोंड अजून उजवीकडे होते. दोघांमधला कपलरचा दांडा तिरपा होत होत त्याच्या खाचेच्या कडेला टेकला आणि तिथेच थांबला. त्यापुढे दांड्याला वळायला जागाच नव्हती, म्हणून त्याने मागच्या डब्याची कायाच बाजूला ओढली. काया ओढली गेल्याबरोबर आतल्या बाजूचे पुढचे चाक कागदाच्या जाडीइतके उचलले गेले, फ्लँज (चाकाची रुळाच्या आतून चालणारी कड) रुळाच्या माथ्यावर चढली, तशीच दोन-तीन सेंटीमीटर रुळावरून सरकत गेली आणि मग खाली उतरली. डबा जिथे खाली उतरलेला दिसे, ती जागा आणि दोष घडण्याची जागा यांत चार इंचांचे अंतर होते. मी मात्र दीड वर्ष डबा उतरण्याच्या जागेचेच रूळ घासत आणि सरळ करत बसलो होतो.

चाके आणि बोगी

एकटा डबाही घसरत असेल, तर सुरुवात चाकांपासून करावी. आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पृष्ठांमधील अंतर व्हर्नियरने मोजावे. एचओमध्ये ते 14.4 मि.मी.च्या आसपास असायला हवे. खऱ्या ब्रॉडगेजवर हेच माप 1,600 मि.मी. असते आणि तिथे त्यात एक-दोन मि.मी.पेक्षा अधिक फरक चालवून घेतला जात नाही. आपल्या चाकांपैकी एक प्लॅस्टिकच्या विद्युतरोधक बुशवर बसवलेले असते आणि ते हाताळताना किंवा उन्हाळ्यात हळूहळू सरकते. अंतर कमी झाले, तर पॉइंटच्या चेकरेलपाशी (चाकाला आतून वाट दाखवणाऱ्या जोडरुळापाशी) चाक चढते; जास्त झाले, तर ते वक्रावर अडकते. चाक हलके फिरवत फिरवत सरकवावे. थेट दाबले, तर ते आसावर तिरपे बसते आणि डोलू लागते.

फ्लँजची उंची तपासण्याची सहसा गरज पडत नाही. खऱ्या नव्या चाकाची फ्लँज 28.5 मि.मी. उंच असते, म्हणजे आपल्या मापात एक तृतीयांश मि.मी.; प्रचलित एचओ चाकांची फ्लँज त्याच्या जवळजवळ दुप्पट, 0.64 मि.मी. असते. मूळ डब्यापासून केलेली ही फारकत आपल्या सोयीचीच आहे. केवळ देखणेपणासाठी बारीक फ्लँजची चाके बसवण्याचा मोह 457 मि.मी.च्या वक्रावर टाळावा.

त्यानंतर बोगी पाहावी. आयसीएफ डब्यात कायेचे वजन मधल्या खिळीवर येत नाही. ते बोल्स्टरच्या (बोगीच्या आडव्या तुळईच्या) दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून 1,600 मि.मी.वर असलेल्या साइड बेअररांवर येते. तेलात बुडालेल्या पोलादी पट्टीवर काशाचा तुकडा सरकतो आणि बोगी वळते; मधली खीळ फक्त ओढ आणि ब्रेकचा जोर पोहोचवते. रूळ किंचित पिळलेले असले, तर तो पीळ खालच्या आणि वरच्या अशा दोन टप्प्यांतील स्प्रिंगा पचवतात. आपल्या प्रतिकृतीत यातले काहीच नसते. बोगी एका स्क्रूवर किंवा प्लॅस्टिकच्या खिळीवर फिरते आणि स्प्रिंगांचे काम तेवढ्या ढिलाईवरच निभावावे लागते. म्हणून दोन्ही बोगींचे स्क्रू सारखे आवळू नयेत. एका बोगीचा स्क्रू असा ठेवावा की ती डावी-उजवीकडे वळेल आणि बाजूंना किंचित डोलेलही. दुसऱ्या बोगीचा स्क्रू असा ठेवावा की ती वळेल आणि पुढे-मागे झुकेल, पण बाजूंना डोलणार नाही. काया अशी तीन बिंदूंवर टेकली, की पिळलेल्या रुळांवरही आठही चाके खाली राहतात. परीक्षेसाठी डबा काचेवर ठेवावा आणि एका चाकाखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवावे. उरलेली सातही चाके काचेला टेकलेली असली, तर बोगी ठीक आहेत.

आतले दिवे लावण्यासाठी चाकांपासून वीज घेणाऱ्या डब्यांत आणखी एक दोष वारंवार आढळतो. बोगीतून कायेत जाणारी तार आखूड किंवा ताठ असते, आणि बोगी वळली की ती तार स्प्रिंगसारखी तिला परत सरळ करू पाहते. डबा हातात उलटा धरून बोगी फुंकरीने वळते का, हे पाहावे. वळवून सोडल्यावर ती आपोआप मधोमध परत येत असेल, तर तार बदलून अतिशय बारीक, अनेक पदरी तार घालावी आणि ती खिळीच्या अगदी जवळून वर न्यावी. माझ्या एका डब्यातील सगळा दोष एवढाच होता.

वजनाविषयी

खऱ्या डब्याचे रिकामे वजन सुमारे 40 टन धरले आणि त्याला 87 च्या घनाने भागले, तर प्रतिकृतीचे वजन अवघे 60 ग्रॅम भरते. इतका हलका डबा कोणत्याही मांडणीवर टिकणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी मूळ एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस अशी आहे. त्या हिशेबाने आयसीएफ प्रतिकृतीचे वजन सुमारे 165 ग्रॅम आणि एलएचबी प्रतिकृतीचे सुमारे 180 ग्रॅम असावे.

वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे, याकडे आपल्या बाबतीत अधिक लक्ष द्यावे लागते, आणि त्याचे कारण ब्रॉडगेजमध्ये आहे. खरे रूळ 1,676 मि.मी. अंतरावर असतात, 1:87 प्रमाणात ते 19.3 मि.मी. व्हायला हवेत. आपण मात्र 16.5 मि.मी.चे बाजारी रूळ वापरतो, जे मुळात 1,435 मि.मी.च्या गेजसाठी आहेत. पण काया 3,240 मि.मी. रुंद, म्हणजे आपल्या मापात सव्वासदतीस मि.मी. असते. त्यामुळे भारतीय डब्याची प्रतिकृती तिच्या युरोपीय भावंडांपेक्षा जास्त रुंद असूनही तेवढ्याच पायावर उभी असते आणि कलंडण्याची शक्यता वाढते. वजन छतात किंवा आसनांवर न भरता फरशीच्या खाली, बॅटरी बॉक्स आणि पाण्याच्या टाक्यांच्या आडोशाला भरावे. मी शिशाचे तुकडे आधी आसनांखाली चिकटवले होते; डबा जड झाला, पण वक्रावर अधिक झुकू लागला. तेच तुकडे अंडरफ्रेमखाली हलवल्यावर झुकणे थांबले.

वजन सगळ्या डब्यांत सारखे असावे. माझ्या घाटाचा चढ बोरघाटाप्रमाणे 37 ला 1 आहे, आणि अशा चढावर मागच्या जड डब्यांची ओढ आणि पुढच्या इंजिनाची ओढ यांच्यामध्ये हलका डबा सापडला, तर तो ताणलेल्या दोरीसारखा वक्राच्या आतल्या बाजूला खेचला जातो. वक्रावर बाहेरचा रूळ उचलून कॅन्ट दिला असेल, तर ही ओढ अधिकच जाचक ठरते. खऱ्या ब्रॉडगेजवर कमाल कॅन्ट 165 मि.मी. असतो आणि तोच कल 16.5 मि.मी.च्या रुळांवर 1.6 मि.मी. उचलून मिळतो. दिसायला सुंदर म्हणून तीन मि.मी. कॅन्ट दिलेल्या मांडण्या मी पाहिल्या आहेत; तिथे लांब डबे आत कलंडतात. एक मि.मी. पुरेसा आहे.

कपलर आणि इंग्रजी एस आकाराचा वक्र

आता मुख्य दोषाकडे वळतो. एकाच दिशेने वळणाऱ्या अखंड वक्रावर सगळे डबे सारखेच बाहेर पडतात, म्हणून शेजारच्या दोन टोकांमध्ये फारसा फरक पडत नाही आणि कपलर जवळजवळ सरळ राहतो. त्रास सुरू होतो तो वक्र जिथे उलटतो तिथे. एका डब्याचे टोक डावीकडे बारा मि.मी. आणि दुसऱ्याचे उजवीकडे बारा मि.मी. गेले, की दोघांमध्ये चोवीस मि.मी.चा फरक पडतो, आणि एवढा फरक भरून काढायला कपलरच्या दोन खिळींमध्ये जेमतेम पंचवीस-तीस मि.मी. दांडा असतो. त्याने जवळजवळ आडवे व्हायला हवे, आणि ते अशक्य आहे. आयसीएफ डब्यांत हाच फरक सतरा मि.मी. असतो आणि तो कसाबसा निभावून जातो. एकाच मांडणीवर एक गाडी नीट धावते आणि दुसरी घसरते, याचे संपूर्ण कारण एवढेच आहे.

उलट वक्र आपण मुद्दाम घालत नाही. तो पॉइंटांमधून आपोआप तयार होतो. दोन समांतर रुळांना जोडणारा क्रॉसओव्हर हा दोन पॉइंटांचा उलट वक्रच असतो, आणि लूप लाइनला जाणारा पॉइंट व त्यानंतर लगेच उलट वळणारा तुकडा मिळूनही तसाच वक्र होतो. खऱ्या रेल्वेवर 12 ला 1 पॉइंटची त्रिज्या 441 मीटर असते, म्हणजे आपल्या मापात पाच मीटर. बाजारात मिळणाऱ्या लहान पॉइंटची त्रिज्या 610 मि.मी. असते. शिवाय खऱ्या रुळांवर सरळ रेषा आणि वक्र यांच्यामध्ये संक्रमण वक्र घातलेला असतो, त्यामुळे डब्याची टोके हळूहळू बाहेर पडतात; ठरावीक तुकड्यांच्या रुळांत सरळ रूळ संपतो आणि पुढच्याच सांध्यापासून पूर्ण वक्र सुरू होतो.

पहिला उपाय रुळांचा आहे. वक्र उलटतो तिथे दोन वक्रांच्या मध्ये किमान एका डब्याच्या लांबीचा, म्हणजे सुमारे 270 मि.मी.चा सरळ तुकडा घालावा. मग दोन शेजारचे डबे एकाच वेळी विरुद्ध वक्रांवर पूर्णपणे येत नाहीत. एवढी जागा नसेल, तर निम्मा तुकडाही बराच फरक पाडतो. क्रॉसओव्हरसाठी 914 मि.मी. किंवा त्याहून मोठ्या त्रिज्येचे पॉइंट वापरावेत. लवचीक रूळ वापरत असाल, तर वक्राच्या तोंडाशी पहिले 20-25 सेंटीमीटर हलक्या हाताने, हळूहळू वाढत जाणारे वळण द्यावे.

दुसरा उपाय कपलरचा आहे आणि त्यात निवड करावी लागते. अनेक जण कपलर कायेवरून काढून बोगीवर बसवतात. त्यामुळे कपलर बोगीबरोबर वळतो आणि टोक कितीही बाहेर पडले तरी त्याला त्रास होत नाही. ओढताना हा उपाय निर्दोष वाटतो. परंतु गाडी मागे ढकलली की सगळा जोर बोगीच्या टोकावर तिरपा येतो आणि बोगी फिरून रुळांवरून उतरते. सायंकाळी पुण्याकडे येणाऱ्या डेक्कन क्वीनला कर्जतला मागून बँकर लागतात आणि माझ्या मांडणीवरही ते लागायलाच हवेत, म्हणून हा मार्ग मी सोडून दिला. ज्यांची गाडी कधीच मागे ढकलली जात नाही, त्यांना तो चालेल.

कायेवरचाच कपलर ठेवायचा असेल, तर दोन पर्याय उरतात. एक म्हणजे लांब दांड्याचा कपलर बसवणे. दांडा जितका लांब, तितका तोच फरक कमी कोनात भरून निघतो. त्याची किंमत दिसण्यात मोजावी लागते, कारण दोन डब्यांमधील फट वाढते, आणि एलएचबी डबे खऱ्या गाडीत एकमेकांना अगदी बिलगून असतात. दुसरा पर्याय म्हणजे क्लोज कपलिंगची यंत्रणा, ज्यात दांडा नागमोडी खाचेत सरकतो: सरळ रुळांवर डबे जवळ राहतात आणि वक्रावर दांडा स्वतःच बाहेर येऊन अंतर वाढवतो. माझ्या मते लांब डब्यांसाठी हाच खरा उपाय आहे. ही यंत्रणा बसवताना अंडरफ्रेमचा काही भाग कापावा लागतो आणि खाचेत एकही प्लॅस्टिकचा कण राहता कामा नये, कारण दांडा आपल्या स्प्रिंगने मधोमध परतला नाही, तर पुढच्या सरळ रुळांवरही तो डब्याला तिरपा ओढत राहतो.

माझ्या डब्यांत यंत्रणा मुळातच होती, हे लिहिताना मला वाईट वाटते. खाचेच्या डाव्या कडेला साच्यातून राहिलेला, भाताच्या तुसाएवढा प्लॅस्टिकचा कंगोरा होता. सोळा टोकांपैकी पाच टोकांना तो सापडला. बारीक कानशीने तो काढून, खाचेत ग्रॅफाइटची पूड शिंपडल्यावर दांडा पूर्ण वळू लागला. उत्पादकाने हे करून द्यायला हवे होते. एवढ्या किमतीचा डबा घेणाऱ्याने तो वापरण्यापूर्वी कानशीने साफ करावा, अशी अपेक्षा योग्य नाही.

कपलरची उंचीही या निमित्ताने तपासून घ्यावी. खऱ्या डब्यांत चाके झिजून आणि खरादून व्यास कमी झाला की काया खाली बसते; मग आयसीएफ बोगीच्या स्प्रिंगांखाली 13 मि.मी.पासून 48 मि.मी.पर्यंतचे पॅकिंग घालून बफरची उंची पुन्हा 1,030 ते 1,105 मि.मी.च्या मर्यादेत आणली जाते. आपणही तेच करतो, फक्त खिळीवर कागदी किंवा फायबरचा पातळ वॉशर घालून. एका डब्याचा कपलर शेजारच्यापेक्षा अर्धा मि.मी. खाली असला, तर घाटाच्या पायथ्याशी, जिथे चढ सुरू होतो, तिथे तो सुटतो किंवा दुसऱ्याला वर उचलतो.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वेस्टिब्यूलचे (दोन डब्यांमधील ये-जा करण्याच्या वाटेचे) रबरी किंवा प्लॅस्टिकचे भाते वक्रावर एकमेकांना टेकून कायेला बाजूला ढकलत असतील, तर त्यांची खोली थोडी कमी करावी. आणि आयसीएफ व एलएचबी डबे एकाच गाडीत मिसळू नयेत. दोन्हींची टोके एकाच वक्रावर साडेतीन मि.मी.च्या फरकाने बाहेर पडतात, म्हणून अखंड वक्रावरसुद्धा त्यांच्यामधला कपलर सतत तिरपा राहतो. खऱ्या रेल्वेतही या दोन घराण्यांचे डबे एका रेकमध्ये सहसा जोडले जात नाहीत.

दुरुस्तीची परीक्षा

सगळी रेक जोडून, सर्वांत तीव्र वक्रावरून आणि क्रॉसओव्हरवरून आधी पुढे ओढत तीस फेऱ्या कराव्यात, मग मागून ढकलत तीस फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक घसरणीची जागा, डब्याचा क्रमांक व दिशा वहीत लिहावी. ढकलण्याची परीक्षा मंद गतीने घ्यावी, कारण वेगात तिरपा दांडा सुटून जातो आणि दोष लपतो. माझी रेक पहिल्याच दिवशी ओढताना निर्दोष ठरली. ढकलताना दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा तोच डबा होता. त्याच्या दुसऱ्या टोकाच्या खाचेतला कंगोरा काढायचा राहिला होता.

पावसाळा संपल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यावी. पुण्यासारख्या ठिकाणीसुद्धा जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत प्लायवुडचा पाया फुगतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसतो, आणि दोन फळ्यांच्या जोडावर रूळ अर्धा मि.मी. वर-खाली होतात. तिथे पुन्हा घसरण दिसली, तर डब्याला हात लावण्यापूर्वी जोडावर रुळाच्या लांबीने लांब पोलादी पट्टी ठेवून तिच्याखालून उजेड येतो का, ते पाहावे.